भाषा तर्काने चालते का?

निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो. तर्कशास्त्राच्या वहीत हे विधान सरळसरळ असत्य ठरेल. पण उंबरठ्यात निरोप द्यायला उभ्या राहिलेल्या यजमानाचा त्यामुळे कधी घोटाळा झाला, असे माझ्या ऐकिवात नाही. नारळ आपण ‘वाढवतो’ म्हणजे फोडतो, बांगडी ‘वाढते’ म्हणजे फुटते, आणि त्याच क्रियापदाच्या जोरावर पानात भात वाढतात, मूल वाढते, भाजीचे भावही वाढतात. एकाच शब्दात भर आणि भंग सुखाने नांदत असतात आणि आपल्या संसाराचे त्यावाचून काही अडत नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, तेव्हा माझे तरी अडावे, अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक प्राध्यापक आहेत. एकदा चहाच्या वेळी ते म्हणाले, ‘‘अहो, भाषेपुढे तुमचं लॉजिक काय करणार? भाषा म्हणजे हवामान. तिला केऑसची थिअरी लावून बघा, सगळं उलगडेल.’’ मी त्या वेळी नेहमीच्या सवयीने त्यांचे म्हणणे खोडून काढले. खोडून काढणे हा माझा व्यवसायच आहे. पण प्रश्न मनातून गेला नाही, आणि आज तोच तुमच्यापुढे ठेवतो आहे: भाषा समजून घ्यायची तर बोट कोणाचे धरावे, तर्कशास्त्राचे की या केऑसच्या नव्या शास्त्राचे? नवे म्हणायचे ते तर्कशास्त्राच्या मानाने. तसे त्यालाही आता साठ वर्षे उलटून गेली आहेत.

आधी माझ्या विषयाची बाजू मांडतो. १८७९ साली गोटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने शुद्ध विचारासाठी एक नवी चिन्हलिपी तयार केली. आजच्या तर्कशास्त्राचा पाया तीच. तिच्या प्रस्तावनेत त्याने एक सुरेख दृष्टांत दिला आहे. रोजची भाषा डोळ्यासारखी आहे आणि आपली लिपी सूक्ष्मदर्शक यंत्रासारखी, असे तो म्हणतो. डोळा हजार कामांना उपयोगी पडतो, पण फार बारीक पाहायचे झाले तर यंत्र हवे. आणि ते यंत्र घेऊन रस्त्याने चालता मात्र येत नाही. त्याच्यामागून आलेल्या पुष्कळांनी या दृष्टांताचा दुसरा अर्धा भाग विसरून यंत्र डोळ्याला बांधले आणि मग रस्ता दिसत नाही म्हणून रस्त्यालाच नावे ठेवली.

एक साधे उदाहरण घ्या. तर्कशास्त्रात ‘आणि’च्या दोन्ही बाजूंची विधाने अदलाबदल केली तरी फरक पडत नाही. आता ही दोन वाक्ये पाहा: ‘तिला ताप आला आणि तिने औषध घेतले’, ‘तिने औषध घेतले आणि तिला ताप आला’. माझ्या शास्त्राला दोन्ही सारखीच. पण दुसरे वाक्य ऐकल्यावर डॉक्टरच्या पोटात गोळा येतो! उलट, काही ठिकाणी मराठी बोलणारा तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाहून काटेकोर असतो. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले तर ‘हो’ म्हणणारा वेडा ठरतो. ‘किंवा’ आणि ‘की’ हा भेद पोराटोरांनाही ठाऊक असतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे, त्यामुळे तिथे तो भेद आवाजाच्या चढउतारावर सोडून द्यावा लागतो. आवाजावरून आठवले. हे भाषण ध्वनिक्षेपकापुढे वाचताना मी ‘वा, शहाणा आहेस!’ हे शब्द दोन सुरांत म्हणून दाखवले होते. छापील पानावर ती सोय नाही. तुम्हीच मोठ्याने म्हणून पाहा. आसपास कोणी नाही ना, एवढे मात्र आधी बघा.

भाषेत नियम नाहीतच, असे म्हणणाऱ्याला आपल्या देशात तरी कोणी उभे करणार नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत सगळे संस्कृत बांधले. आधी सामान्य नियम, मग अपवाद, मग अपवादाचा अपवाद; दोन तुल्यबळ नियम एकाच जागी भिडले तर क्रमाने पुढे असलेला जिंकेल, असा नियमांवरचा नियम. संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक आज त्याच्याकडे आदराने पाहतात ते उगीच नव्हे. पण माझे लक्ष अलीकडे दुसरीकडेच जाते. अमुक रूप होते असे सांगून झाल्यावर पाणिनी पुष्कळदा ‘वा’, ‘विभाषा’, ‘अन्यतरस्याम्’ असे काही म्हणतो. म्हणजे विकल्प, दोन्ही रूपे चालतात. कुठे पूर्वेकडच्यांचे मत सांगतो, कुठे उत्तरेकडच्यांचे. परंपरेने हे तिन्ही शब्द समानार्थी मानले. पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात वेगळा पक्ष मांडला: ‘वा’ म्हणजे हे रूप अधिक पसंतीचे, ‘विभाषा’ म्हणजे चालते पण कमी पसंतीचे, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखीच. तो पक्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही. पण नुसती कल्पना करा: एवढा कडक नियमकार, आणि बरोबर-चूक यांच्या मधल्या जागेसाठी त्याच्यापाशी तीन शब्द. माझ्यापाशी एकच लाल पेन्सिल आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. एडवर्ड लॉरेन्झ हे अमेरिकेतील एम्.आय्.टी. या संस्थेत हवामानशास्त्रज्ञ होते. १९६१ च्या हिवाळ्यात त्यांनी संगणकावर हवामानाचा एक अगदी सोपा नमुना चालवला होता. एक गणित पुन्हा तपासायचे म्हणून त्यांनी मधल्याच एका टप्प्यावरचे छापील आकडे यंत्राला दिले आणि ते कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो काय! आधीच्या खेपेस निघालेले हवामान आणि आताचे, यांचा काही मेळच नव्हता. यंत्र बिघडले असावे, असे त्यांना वाटले. यंत्र ठीक होते. यंत्राच्या पोटात सहा दशांश स्थळे होती आणि कागदावर तीनच छापली गेली होती. पोटात ०.५०६१२७, कागदावर ०.५०६. एवढ्याशा फरकाने दोन महिन्यांत आभाळ बदलले. १९६३ साली त्यांनी यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात फक्त तीन समीकरणे आहेत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. केऑस म्हटले की आपल्या मनात अंदाधुंदी येते, मंडईतला गलका येतो. लॉरेन्झ यांच्या समीकरणांत तसले काही नाही. नियम पक्के आहेत, फाशांचा कुठे संबंध नाही. आजची स्थिती तंतोतंत ठाऊक असेल तर उद्याची तंतोतंत निघते. अडचण एवढीच, की तंतोतंत कधीच कोणाला ठाऊक नसते, आणि राहिलेली चिमूटभर चूक वाढत वाढत डोंगर होते. शिवाय त्या समीकरणांचे चित्र काढले तर पसरलेल्या दोन पंखांसारखी आकृती उमटते. रेघ या पंखातून त्या पंखात केव्हा उडी घेईल, हे फार पुढचे सांगता येत नाही. पण ती आकृती सोडून भलतीकडे जाणार नाही, हे सांगता येते. म्हणजे तर्क विरुद्ध केऑस असा जो सामना आमच्या गणिताच्या प्राध्यापकांनी लावला होता, तो मुळात सामनाच नव्हे. नियम दोघांकडेही आहेत. नियम ठाऊक असले म्हणजे भविष्य ठाऊक होते, हा आपला समज तेवढा लॉरेन्झ यांनी काढून घेतला.

पण हवामानाची समीकरणे आहेत. भाषेची कुठे आहेत? हा आक्षेप मी स्टाफरूममध्ये घेतला होता आणि आजही तो सोडायला तयार नाही. भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात डायेन लार्सन-फ्रीमन यांनी १९९७ साली केऑसची कल्पना आणली, पण ती बरीचशी दृष्टांत म्हणून. दृष्टांत चांगला असतो. त्याने सिद्ध काही होत नाही. खरे समीकरण मला सापडले ते मिचनर आणि नोवाक या दोघांच्या २००४ च्या निबंधात. त्यांनी कागदावर एक समाज कल्पिला. त्यात काही व्याकरणे प्रचलित आहेत, मुले मोठ्यांचे ऐकून त्यांतले एखादे उचलतात, पण उचलताना थोडी चूक करतात. बस्स. एवढ्या सामग्रीवर गणित चालवले तेव्हा काही वेळा समाजातली भाषा या व्याकरणाकडून त्या व्याकरणाकडे अशी हेलकावत राहिली, की तिचा पुढचा मुक्काम सांगता येईना. तोच केऑस. ही काही मराठीची किंवा इंग्रजीची कुंडली नव्हे, तो नुसता नमुना आहे. पण सगळ्या गोंधळाचे मूळ कशात निघाले पाहा: शिकताना झालेल्या थोड्याशा चुकीत.

आणि ही चूक कसली असते? तुमच्या घरात अडीच-तीन वर्षांचे मूल असेल तर कान देऊन ऐका. ‘मी करलं’, ‘बाबा येला’. कोणी शिकवले त्याला? मोठ्यांपैकी कोणीच तसे बोलत नाही. मुलाने ‘भर’चे ‘भरला’, ‘सर’चे ‘सरला’ ऐकले, त्यातून नियम काढला आणि तो ‘कर’ला लावला. निष्कर्ष निर्दोष आहे. ‘केला’, ‘आला’, ‘गेला’, ‘मेला’ असली नियमबाह्य रूपे वापरणारे आपण. घरातला खरा तर्कशास्त्रज्ञ तोच, आणि आपण कौतुकाने हसून त्याला तर्क सोडायला शिकवतो. रोज शंभरदा कानावर पडत असल्यामुळे ‘केला’ आणि ‘गेला’ टिकून राहतात. क्वचित ऐकू येणाऱ्या आडरूपांना तेवढे आयुष्य नसते. इंग्रजीत याचे मापच घेतले गेले आहे. २००७ साली लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे निवडून त्यांचा माग काढला. आज त्यांतली ९८ अनियमित उरली आहेत, बाकीची सरळ झाली. जे क्रियापद शंभर पटींनी कमी वापरले जाते ते दहा पट वेगाने सरळ होते, असा हिशेब त्यांना मिळाला. घोळक्याचा हिशेब लागतो. त्यातल्या एकट्या शब्दाचे काय होईल ते सांगता येत नाही. काही शब्द तर उलटही जातात.

आपल्याकडे हेच ‘प्यायला’च्या बाबतीत डोळ्यांदेखत चालले आहे. ‘तो पाणी प्यायला’ हे प्रमाण रूप. आता सर्रास ऐकू येते ते ‘त्याने पाणी पिलं’. पुष्कळांना यात हिंदीचा वास येतो. असेल, पण मला यात आधी ‘दिलं’ ऐकू येते. ‘दे’चे ‘दिला’ तसे ‘पि’चे ‘पिला’. शिवाय प्रयोगही बदलला आहे. सकर्मक क्रियापद भूतकाळी आले की कर्त्याला ‘ने’ लागतो: त्याने भात खाल्ला, तिने पत्र लिहिले. ‘तो पाणी प्यायला’ हा त्याला अपवाद. ‘त्याने पाणी पिलं’ म्हणणाऱ्याने एका दगडात दोन अपवाद पाडले आहेत. तर्काच्या बाजूने मत द्यायचे तर मला ते त्याच्या पारड्यात टाकावे लागेल. आणि तरीसुद्धा ते रूप माझ्या कानाला खुपते, हेही खरे.

भाषेत तर्काला अनुकूल बदल होतात तेव्हा ते तर्कासाठी होत नाहीत, ही गोष्ट मला सांगली जिल्ह्यातील कुपवाडने शिकवली. गंपर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी या गावावर लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. गावात जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, काहींच्या घरी मराठी, थोड्यांच्या घरी तेलुगू. घरात ज्याची त्याची भाषा, आणि बाहेर पडले की शेजाऱ्याची. पिढ्यान् पिढ्या असे चालल्यावर शब्द निरनिराळे राहिले, पण वाक्यांचे साचे इतके सारखे झाले की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता यावे. आता मराठीतले लिंग म्हणजे माझ्यासारख्याला कायमची डोकेदुखी. ग्रंथ तो, वही ती, पुस्तक ते. ट्रक तो आणि बस ती. कारण विचारू नये. कानडीत मात्र पुरुष ते पुल्लिंगी, बायका त्या स्त्रीलिंगी, उरलेले सगळे नपुंसक, किती सरळ! कुपवाडच्या मराठीने हा कानडी हिशेब उचलला होता. पूर आला की तिथला मराठी माणूस ‘नदी आली’च्या ऐवजी ‘नदी आलं’ असे म्हणे. ही सुधारणा कोणा समितीने केली नाही. ती शेजाराने केली. पुण्यातल्या वर्गात कोणी ‘नदी आलं’ म्हणाले असते तर ती घोडचूक ठरली असती, आणि ती घोडचूक मीच ठरवली असती.

आता ज्यासाठी हे सगळे सांगतो आहे ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात वऱ्हाडातून आलेला एक मुलगा होता. हुशार, पण बुजरा. अनुमानाचा एक प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारला तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, मी तेच सांगून राहिलो.’’ मी म्हणालो, ‘‘सांगून कुठे राहिलास? लॉजमध्ये?’’ वर्ग हसला. मीही हसलो. तोही थोडासा हसला आणि खाली बसला. त्याचे उत्तर बरोबर होते, हे माझ्या नंतर लक्षात आले. वर्ष संपेपर्यंत तो पुन्हा आपण होऊन बोलला नाही.

माझा त्या वेळचा युक्तिवाद असा होता: ‘ऊन’ हा प्रत्यय आधी संपलेली क्रिया दाखवतो. जेवून गेला म्हणजे आधी जेवला, मग गेला. तेव्हा ‘सांगून राहिलो’ याचा अर्थ आधी सांगितले, मग मुक्काम केला. चालू क्रियेसाठी हे रूप तर्काला सोडून आहे. पुष्कळ दिवसांनी एका रात्री आजारी माणसाच्या उशाशी ‘जागून’ बसलो असताना माझ्या मनात आले, की दुपारभर मी ‘पडून राहिलो’ होतो. पडून राहिलो म्हणजे आधी पडलो आणि मग कुठे राहायला गेलो? ‘चिकटून राहतो’, ‘लपून राहतो’, ‘सांभाळून राहा’ ही रूपे माझीच, शुद्ध, पुस्तकी. त्या सगळ्यांत ‘ऊन’ संपलेली क्रिया दाखवत नाही, टिकून असलेली स्थिती दाखवतो. टिकून! वऱ्हाडी बोलीने मूठभर क्रियापदांपुरता असलेला हा साचा सगळ्या क्रियापदांना खुला केला, एवढेच. त्या मुलाने नियम मोडला नव्हता, त्याने तो पुढे नेला होता. हेत्वाभासांची यादी मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो, आणि त्यांतला एक मी स्वतः, भर वर्गात, एका विद्यार्थ्याच्या अंगावर फेकला होता.

मला कोणी विचारील, मग सगळेच बरोबर का? तसे नाही. एखादे वाक्य पुढ्यात आहे, त्याचा अर्थ काय, त्यातून काय निघते, काय निघत नाही, हे पाहायचे असेल तेव्हा मी फ्रेगेचे यंत्रच हातात घेईन. करारनामा, कायद्याचे कलम, औषधाच्या बाटलीवरची सूचना, इथे हवामानाच्या गप्पा उपयोगाच्या नाहीत. पण हे रूप इथवर कसे आले, उद्या कुठे जाईल, आणि ते बोलणारा माणूस चुकला की नुसता दुसऱ्या वाटेने आला, हे माझे यंत्र सांगत नाही. तिथे लॉरेन्झ यांच्याजवळचा संयम लागतो: आकृती ओळखावी, पण पुढच्या पावलाबद्दल हट्ट धरू नये. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगून ठेवले आहे, की घडा हवा असला म्हणजे माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घडा कर असे सांगतो. पण शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. हे मी एम्. ए.च्या वर्षी वाचले होते. त्यावर प्रश्नही आला होता, आणि मी तो उत्तम सोडवला होता.

गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. आमच्या विषयात सॉक्रेटिस मर्त्य आहे हे दर वर्षी नव्याने सिद्ध करावे लागते. एका विद्यार्थिनीने उदाहरण थोडे फुलवून लिहिले होते: ‘सॉक्रेटिसने विष पिले आणि तो मेला.’ ‘पिले’वर पेन्सिल गेली. ‘पिले’ नियमाला धरून आहे आणि शेजारचा ‘मेला’ नियमाबाहेर; त्या मुलीने एकाच वाक्यात दोन्ही बिनतक्रार नांदवले होते. अनुमान बरोबर होते. गुण पूर्ण दिले. समासात बारीक अक्षरात ‘प्यायला असेही’ एवढे लिहिले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.